इतर हक्कांचा रकाना

लोकप्रिय गीत कानी पडले की त्याच्या पाठीमागे काहीतरी घडलेले असलेच पाहिजे, कोणीतरी कोणासाठी तरी अश्रू ढाळलेले असलेच पाहिजेत, आणि ते काय व कोण हे कळल्यावाचून त्या गीताचा आस्वाद पुरा व्हावयाचा नाही, अशी एक समजूत आपल्या रसिकवर्गात इतकी रुळून गेली आहे की, कवीच्या सत्काराला, नभोवाणीवरील मुलाखतीला किंवा दिवाळी अंकातील आठवणींना 'हे गीत आपणांस सुचले कसे?' या प्रश्नावाचून शोभाच येत नाही. कवीही विचारणाराला सहसा विन्मुख पाठवीत नाही. तो आठवून, थोडेसे जुळवून, एखादा पाऊस, एखादे स्टेशन, एखादा निरोप सांगतो. संपादक तो छापतो. आणि दहा-वीस वर्षांत ती कथा गीताइतकीच मुखोद्गत होऊन बसते. या कथा खोट्या असतात अशी माझी तक्रार नाही. पुष्कळदा त्या खऱ्याच असतात. तक्रार आहे ती निवडीविषयी. अश्रू, प्रेमभंग, साक्षात्कार आणि चमत्कार एवढ्याच सदरांखाली आपण गीतांच्या जन्माची नोंद करतो. आणि ज्या मेहनतीतून, ज्या पैशाच्या निकडीतून, ज्या भांडणातून आणि ज्या जातिभेदाच्या अडसरातून ते गीत प्रत्यक्षात बाहेर पडले, त्यांना दप्तरात जागाच ठेवीत नाही.

मी राहतो ते देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील गाव. नाशकाजवळची छावणीची देवळाली ती वेगळी, हे परगावच्या माणसाला अजूनही बजावून सांगावे लागते. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले आणि बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला; तेव्हापासून पाण्याची पाळी, पाटकऱ्याची नोंद, सोसायटीचे कर्ज आणि कारखान्याची तोड यांच्या निमित्ताने इथल्या माणसाचा कागदाशी जो संबंध जडला तो सुटलेला नाही. सातबाऱ्याचा उतारा हाती आला की इथला व्यवहारी शेतकरी मालकाच्या नावावर फार वेळ थांबत नाही. त्याची नजर जाते ती कुळाच्या आणि 'इतर हक्कां'च्या रकान्याकडे. जमीन एकाच्या नावावर असली तरी ती कसतो कोण, तिच्यावर बोजा कोणाचा, विहिरीत हिस्सा कोणाचा, हे सारे तेथे उलगडते. गीतांच्या बाबतीत मात्र आपण केवळ मालकाचे नाव वाचून उतारा घडी करून ठेवतो.

या रकान्यात काय भरावे लागेल हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही. येथून श्रीरामपूर ओलांडून उत्तरेस गेले की गोदावरीकाठी पुणतांबे लागते. चांगदेवांच्या समाधीमुळे हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. परंतु याच गावी 12 जानेवारी 1918 रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले, आणि पुढे सी. रामचंद्र या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचे एक दशक गाजविले, ही गोष्ट दौंड-मनमाड मार्गावरून पुणतांबे स्टेशन मागे टाकणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असते, कोण जाणे. चीनशी झालेल्या 1962 च्या युद्धात पडलेल्या जवानांवरील जे गीत जानेवारी 1963 मध्ये लता मंगेशकरांनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायिले, त्याची चाल या पुणतांबेकराची. गीताचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. आणि त्याची कथाही सांगावी लागत नाही. पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आले, ही ती कथा. दरवर्षी सव्वीस जानेवारीला इथल्या शाळांच्या पटांगणांत ध्वनिक्षेपकावरून ते गीत वाजते आणि सूत्रसंचालन करणारे गुरुजी न चुकता त्या अश्रूंचा उल्लेख करतात.

अश्रू खरेच होते, हे मी मान्य करतो. परंतु एका माणसाच्या डोळ्यांतील त्या पाण्याने बाकीचे किती वाहून नेले ते पाहावे. ते गीत युद्धपीडितांसाठी निधी उभारण्याकरिता चित्रपटव्यवसायाने योजिलेल्या कार्यक्रमासाठी मुद्दाम लिहविलेले होते. कवी प्रदीप यांचे मूळ नाव रामचंद्र द्विवेदी, म्हणजे एका रामचंद्राने लिहिले आणि दुसऱ्याने स्वरबद्ध केले. संगीतकार आणि गायिका यांच्यात त्यापूर्वी बराच काळ दुरावा होता, आणि तो बाजूला ठेवल्याखेरीज हे गीत उभे राहणे शक्य नव्हते. आधी त्यात आशा भोसले यांचाही वाटा ठरला होता व ऐन वेळी ते एकट्या लताबाईंनी गायिले, असेही सांगितले जाते. आणि ज्याच्या शब्दांनी पंतप्रधान हेलावले तो कवी त्या समारंभात नव्हता. त्याला बोलावलेच नव्हते. पुढे नेहरू मुंबईस आले असता त्यांच्यासमोर ते म्हणून दाखविण्याची संधी त्याला मिळाली. या गीताचे मानधन युद्धातील विधवांच्या निधीस जावे अशी त्याची इच्छा होती. तिची रुजुवात होण्यास 2005 साल उजाडले आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने निधीस दहा लाख रुपये द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयास सांगावे लागले. तोवर प्रदीपजींना जाऊन सात वर्षे लोटली होती. हे सारे गीताच्या अर्थाशी संबंधित नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, मेलेल्या शिपायाची आठवण जिवंतांनी ठेवावी अशी विनवणी हाच त्या गीताचा विषय आहे; आणि ती आठवण रुपयांत ठेवण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला, ही त्या विषयावरील सर्वांत कठोर टीका आहे.

येथे मला आणखी एक गोष्ट खटकते. याच सी. रामचंद्रांनी 'पतंगा' या 1949 च्या चित्रपटात रंगूनहून देहरादूनला टेलिफोन लावणाऱ्या नवऱ्याचे एक विनोदी युगुलगीत बांधले आणि त्यातला नवऱ्याचा आवाजही चितळकर या नावाने स्वतःच दिला. ते आजही लग्नाच्या वरातीत वाजते आणि लोक हसतात. वस्तुतः 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा तेथील लक्षावधी हिंदी माणसे पायी, रोगराईत, डोंगर ओलांडून परत आली. त्यांपैकी अनेकजण वाटेतच मेले. सात वर्षांपूर्वीचा तो आकांत ऐकणाऱ्यांच्या स्मरणात ताजा असताना रंगून हे नाव विनोदी गाण्यात यावे आणि ते सर्वांना आवडावे, यात त्या काळच्या समाजमनाचा केवढा तरी इतिहास दडलेला आहे. परंतु त्या गाण्याची जन्मकथा कोणी विचारीत नाही. रडविणाऱ्या गीताला कुळकथा हवी. हसविणारे गीत जणू आपोआप उगवले!

प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेर आहे. तेथील शाहीर अनंत फंदी, जन्म 1744, मृत्यू 1819. 'फटका' हा काव्यप्रकार त्यांच्याच नावाशी निगडित. त्यांचा उपदेशपर फटका मराठी घरांतून अजून म्हटला जातो आणि त्याच्यामागची परंपरागत कथा अशी की, अहिल्याबाई होळकरांनी या ब्राह्मण शाहिराला तमाशाबद्दल दोष दिला, तेव्हा त्याने डफ टाकून दिला व तो कीर्तनाकडे वळला. चौंडीच्या लेकीने संगमनेरच्या शाहिराला सन्मार्गास लावले, ही कथा आता तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याला रुचणार यात नवल नाही. मला मात्र ही कथा जरा जास्तच नीटस वाटते. लावणीविषयी संकोच बाळगणाऱ्या पुढील पिढ्यांना फंदींचे शृंगारिक कवन आणि बोधपर कवन यांच्यामध्ये एक भिंत हवी होती. ती या कथेने बांधून दिली, अशी मला दाट शंका आहे. कथा खरी मानली तरी तिच्यात एक प्रश्न राहतोच. फंदी कीर्तनाला लागले. पण फडावर त्यांच्यामागे उभे राहणारे, झील धरणारे, नाचणारे ते साथीदार कोठे गेले? त्यांना कीर्तनाची वाट खुली होती काय? व्यासपीठ बदलण्याची मुभा जातीने ज्याला दिलेली असते त्याचा पश्चात्ताप कथेत उतरतो. इतरांचे पोट बुडाले, त्याची बारनिशीही होत नाही.

हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांनी अधिक उघड्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला. संगमनेर तालुक्यातच हिवरगाव पावसा हे गाव आहे, पवळाबाई तेथली. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, हे रेठरे हरणाक्षचे. गावचे दप्तर सांभाळणाऱ्या घराण्यातील पुरुष वतन सोडून तमाशाच्या फडावर गेला, ही घटना त्या काळी किती खळबळजनक वाटली असेल, याची कल्पना येते. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांची जोडी मुंबईच्या थिएटरांतून गाजली, आणि लोकांच्या तोंडी जी कथा राहिली ती प्रेमकथेच्या वळणाची: कुळकर्ण्याने पवळेसाठी कुळाचार सोडला. त्याचा त्याग मोजला गेला. तिने काय दिले याची नोंद नाही. तिच्याजवळ सोडावयास वतन नव्हते, म्हणून की काय, तिचा त्याग त्याग ठरला नाही.

तिने काय दिले हे समजण्यासाठी लावणी फडावर उभी कशी राहते ते जरा जवळून पाहिले पाहिजे. कवी शब्द देतो आणि शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. येथवर ती कागदावरची लावणी. मग ढोलकीवाला ठेका धरतो, तुणतुणे सूर भरीत राहते, मागे उभे असलेले सुरत्ये कडव्याची अखेर उचलून चढ्या आवाजात लांबवितात, आणि त्या लांबविलेल्या सुरावर नाचणारीला क्षणभर दम घेता येतो. त्याच दमात ती पुढची ओळ कोणाकडे पाहून म्हणावी हे ठरविते. एकच ओळ ती पहिल्यांदा रुसून म्हणते, दुसऱ्यांदा खट्याळपणे, तिसऱ्यांदा थकल्यासारखी. ढोलकीवाला तिच्या पावलावर नजर ठेवून तोड्याची लांबी कमीजास्त करतो. समोरच्या फेट्यांतून दाद आली तर ओळ पुन्हा येते, न आली तर कडवे आवरते घेतले जाते. म्हणजे लावणीचे किती कडव्यांपर्यंत आयुष्य, तिच्यातील कोणता शब्द लोकांच्या जिभेवर बसणार आणि कोणता विसरला जाणार, याचा निवाडा कवीच्या बैठकीत न होता या स्त्रीच्या पायांवर होत असतो. ही मेहनत काव्यरचनेहून वेगळी मानावी असे मला कोठेही दिसत नाही. तरीही नाममुद्रा बापूरावांची, आणि पवळेच्या वाट्याला आली ती रूपाची कीर्ती. कथाकारांनी तिचे सौंदर्य वर्णिले. तिची कला वर्णिली असती तर तिचा हिस्सा मान्य करावा लागला असता.

बापूरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना चळवळीसाठी पैसे देऊ केले आणि महार स्त्रीला नाचवून मिळविलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगतात. पवळा-बापूराव यांच्याविषयी जेवढे काही सांगितले जाते त्यात मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कोणीतरी प्रथमच गाण्याच्या उत्पन्नाकडे बोट दाखवून ते कोणाच्या श्रमातून आले असे विचारले. अर्थात, पवळेला त्या वेळी कोणी विचारले काय, हा प्रश्न तेथेही उरतो. देणारा पुरुष, नाकारणारा पुरुष, आणि जिच्या नावाचा पैसा ती गैरहजर. बापूराव 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले, आणि ती करुण अखेरही पुन्हा त्यांच्याच कथेत जमा झाली.

यावर एक भारदस्त आक्षेप येणे स्वाभाविक आहे. काव्याचा आस्वाद घेताना जमाखर्च कशाला, रस हा लौकिक कारणांच्या पलीकडचा असतो, भट्टनायकापासून अभिनवगुप्तापर्यंतच्या आचार्यांनी साधारणीकरणाचा सिद्धांत मांडून ठेवला तो याचसाठी, असे विद्वज्जन म्हणतील. हा सिद्धांत मला पूर्णतः मान्य आहे. परंतु तो मान्य करताच पहिल्याप्रथम बाद होते ती अश्रूंचीच कथा. शोक हा अमक्या पुरुषाचा, अमक्या दिवसाचा न राहता सर्वांचा होतो तेव्हाच तो रस होतो, असे असेल तर कवीचा खाजगी शोक हुडकण्यात रसिकतेचा संबंध कोठे आला? बालकवी ठोंबरे नगरास रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, आणि 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. तो अंत ठाऊक झाला की वाचक त्यांच्या आठ ओळींच्या 'औदुंबर'मध्ये मृत्यूची चाहूल शोधू लागतो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त रेखाटलेला हट्टी, रुसणारा, लेकरासारखा ठोंबरे मात्र त्या वाचकाला नको असतो, कारण तो त्याच्या शोककथेत बसत नाही.

श्रमाची कथा रसाला अशी लुडबूड करीत नाही. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून 'गीतरामायण' दर आठवड्याला एका गीताप्रमाणे सुरू झाले. माडगूळकरांना ठरलेल्या मुदतीत लिहावे लागे, फडक्यांना त्याहून थोड्या मुदतीत चाल बांधावी लागे, आणि पहिल्याच गीताचा कागद गहाळ झाल्यामुळे कवीला ते पुन्हा लिहावे लागले, हा किस्सा महाराष्ट्रभर पसरला. त्यामुळे छपन्न गीतांपैकी एकाचीही गोडी कमी झालेली नाही. उलट, आठवड्याच्या वेठीला धरलेली प्रतिभा एवढे देऊ शकते, हे कळून माझा तरी आदर दुणावतो.

याचा अर्थ निर्मात्याच्या आयुष्याला गीतात स्थानच नसते, असेही नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून पायी मुंबईस गेले. 1944 साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घरोघरी पोहोचली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह गाता गाता शाहीर बेळगाव-कारवारच्या ताटातुटीकडे येतो. ही मैना म्हणजे कोण, असा वाद काही मंडळी घालतात, आणि मला तो वाद निष्फळ वाटतो, कारण गिरणीत राबणाऱ्या माणसाला घरधनीण मुंबईस आणण्याइतकी खोली मिळत नव्हती, ही वस्तुस्थितीच त्या रूपकाचा पाया आहे. आमच्या उसाच्या पट्ट्यात मात्र त्या गीताचा अर्थ आणखी बदललेला मी ऐकला आहे. येथे तोडीला येणारे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो; मैना गावी राहत नाही, ती मुकादमाच्या उचलीत जोडीने येते, आणि गावी राहतात ती म्हातारी माणसे व पोरे. मोळ्या बांधताना फोनवर हीच छक्कड ऐकणाऱ्या माणसाच्या मनात विरह कोणाचा असतो, हे अण्णाभाऊंच्या चरित्रात शोधून सापडणार नाही. गीताची कथा ऐकणारांच्या बाजूनेही लिहिली जात असते. परंतु तिकडील कागद आपण कधी मागवीत नाही.

प्रवरेच्या खालच्या अंगास नेवासे आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, तेथे ज्ञानेश्वरी पुरी झाली, आणि तिच्या अखेरीस असलेले पसायदान इथल्या शाळांत रोज म्हटले जाते. मराठीत त्याहून अधिक लोकप्रिय गीत दुसरे असेल असे मला वाटत नाही. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने छळलेल्या भावंडांची कथा आपण त्याच्यामागे उभी करतो, आणि ती करणे योग्यही आहे, कारण त्या मागणीत स्वतःच्या छळाचा उच्चारही नाही, ही गोष्ट कथा माहीत असल्यावाचून ध्यानातच येत नाही. परंतु ग्रंथाच्या शेवटी, स्थळ आणि शक यांच्या जोडीने, ज्याने तो लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. नऊ हजार ओव्या लिहून घेणे म्हणजे काय, याचा विचार करावा: बोरू, शाई, कागद, वाकलेली पाठ, आणि बोलणाराच्या गतीशी हाताची गती मिळविण्याची ती रोजची कसरत. त्या नोंदीने ही सारी मेहनत ग्रंथातच दाखल करून ठेवली. आपण तिचे काय केले? सच्चिदानंदबाबा मरण पावले होते आणि ज्ञानदेवांनी त्यांना उठविले, ही आख्यायिका नेवाशाला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला ऐकविली जाते. त्यांनी लिहिले काय व किती, हे विचारणारा विरळा. जो माणूस कामामुळे ग्रंथात आला, तो लोकांच्या स्मरणात चमत्कारामुळे राहिला.

उलट दिशेचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या करताना ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका व जात टिपून ठेवली. ओवी कोणी प्रथम रचली हे सांगता येत नाही. एका गावी भावाच्या नावाने म्हटलेली ओवी पुढच्या गावी विठोबाच्या नावाने म्हटली जाते, आणि तिची जन्मकथा विचारली तर बाई हसून 'आईकडून आली' एवढेच सांगते. तरीसुद्धा त्या संग्रहात गाणारी निनावी राहिली नाही. तमाशाच्या फडांबाबत असे काम याच तपशिलाने व्हावयास हवे. जुने ढोलकीवाले आणि सुरत्ये आमच्या जिल्ह्यात अजून आहेत, यात्रेच्या हंगामात ते ओळखूही येतात, आणि हा तोडा कोणाचा, ही झील कोणाकडून घेतली, असे विचारले तर ते उस्तादाचे नाव कानाची पाळी धरून सांगतात. त्यांना विचारावयास जाणारे बहुतेक लोक मात्र पवळा दिसावयास कशी होती, हेच विचारून परत येतात.